चिठ्ठ्या टाकून गरिबीचा अभ्यास : ऊसतोडीच्या गावांत नेमकं काय विचारता येईल?

कोरडवाहू

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आपल्या भागात कोणाला नवी नाही. तहसीलला ही गर्दी, बरणीत चिठ्ठ्या, त्या काढायला एखादं शाळकरी पोर, आणि 'महिला राखीव' निघालं की वर्षभर गावजेवणं घातलेल्या इच्छुकाचा पडलेला चेहरा.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या दोन अर्थतज्ज्ञांनी या आरक्षणाकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं. कोणत्या गावाला बाई सरपंच मिळणार हे त्या गावाच्या पैशावर, पाण्यावर किंवा शहाणपणावर ठरत नाही, फिरत्या क्रमावर नाहीतर चिठ्ठीवर ठरतं. म्हणजे राखीव आणि बिनराखीव गावं सुरुवातीला सरासरीनं सारखीच. पुढे दोन्हींच्या कारभारात जो फरक दिसेल तो आरक्षणाचा. त्यांनी बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर असे दोन जिल्हे तपासले (निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले). दोन्हीकडे बाई सरपंच असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. रस्त्यांचं मात्र उलटसुलट निघालं. बीरभूममध्ये बायांनी रस्ते जास्त केले, उदयपूरमध्ये कमी. कारण बीरभूमच्या बायका रस्त्यावर मजुरीला जात होत्या, रस्ता ही त्यांची मागणी होती. उदयपूरमध्ये रस्ता ही पुरुषांची मागणी होती.

मला या अभ्यासातला हा रस्त्याचा भागच सगळ्यात जास्त आवडतो. आरक्षण तेच, पण परिणाम ठरवला तिथल्या बायांच्या दिवसभराच्या कामानं.

ही पद्धत मुळात शेतातली. रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर ती बसवली. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्यांना सांगायला नको. वाण कोणत्या वाफ्यात पेरायचा हे आपल्या मर्जीनं ठरवायचं नाही, चिठ्ठीनं ठरवायचं, नाहीतर चांगल्या जमिनीचं श्रेय वाणाला जातं. हेच माणसांच्या बाबतीत अभिजित बॅनर्जी, डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि त्यांच्या बरोबरच्यांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शेकडो ठिकाणी केलं आणि २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. (बॅनर्जींचं मधलं नाव विनायक, आई निर्मला माहेरच्या पाटणकर. त्यामुळे आपण त्यांना लगेच आपलं म्हणून मोकळे होतो, असो.)

धागा काढायचं कारण बांगलादेशातला एक प्रयोग. तिथल्या उत्तरेच्या रंगपूर भागात भात कापणीला येण्याआधी, सप्टेंबर ते नोव्हेंबर, हाताला काम नसतं. त्याला तिकडे 'मोंगा' म्हणतात. लोक उपाशी राहतात, पण कामासाठी शहरात जात नाहीत. २००८ मध्ये ब्रायन, चौधरी आणि मुबारक या तिघांनी १०० गावांतली कुटुंबं घेतली आणि चिठ्ठीनं काहींना ६०० टका दिले, साधारण बसचं जाण्यायेण्याचं भाडं. अट एकच, घरातल्या कोणीतरी हंगामात बाहेर जायचं. ज्यांना काही दिलं नाही त्यांच्यातली ३६ टक्के घरं तशीही गेली. ज्यांना पैसे दिले त्यांच्यातली ५८ टक्के. गेलेल्यांच्या घरी खाणंपिणं स्पष्ट वाढलं, आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही बरेचजण पुन्हा गेले. अडचण भाड्याची कमी आणि भीतीची जास्त होती. पोटाला चिमटा घेऊन जमवलेले पैसे घालून गेलो आणि काम मिळालं नाही तर काय, ही ती भीती.

हे वाचताना मला आपल्या बीड जिल्ह्यातलं केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार दिसत होतं. पडीचा काळ तोच, स्थलांतर तेच. आपल्याकडे चिठ्ठ्या टाकून एकच प्रश्न विचारायची मुभा मिळाली तर कोणता विचाराल? 'सगळे पुढारी चोर आहेत' हे सोडून लिहा, ते पाठ आहे.

---

नागझरी

रुमाल टाकून ठेवतो. सोयाबीन मळणी यंत्रात आहे.

---

बालाघाट

कोरडवाहू भाऊ, लिहिलंय चांगलं, पण रंगपूर न् आमचं गाव एका माळेत ओवू नका. तिथं माणूस घरातून निघत नव्हता. आमच्याकडं माणूस घरात राहत नाही. दसरा झाला की गाव रिकामं. म्हातारी माणसं, कुत्री आणि ग्रामसेवक, तोबी आठवड्यातून एकदा.

मव्हे आई-बाप दोघंबी ऊसतोडीला जायचे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, हे शहरातल्या वाचकांसाठी. तोडीला जायचं भाडं आम्हाला कोणी द्यावं लागत नाही, मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ पैसा, देतो. पावसाळ्यातच देतो, पोळा-गणपतीच्या सुमाराला, जेव्हा घरात काहीच नसतं. आजकाल एका कोयत्याला लाखाच्या घरात. त्यातून दुकानाची उधारी, पोरीचं लग्न, दवाखाना. मग दिवाळीच्या आगंमागं टोळी निघते सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक. डोकी सेंटर असंल तर मोळी डोक्यावर, गाडी सेंटर असंल तर बैलं. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि हिशेब होतो. उचल फिटली तर फिटली, नाही तर उरलेली रक्कम पुढच्या सालावर.

म्हणजे रंगपूरला त्या तिघांनी जी भीती काढली (काम मिळालं नाही तर काय), ती आमच्याकडं मुकादमानं कधीच काढून टाकलीय. कामाची हमी आहे, पैसा आधी आहे. त्याच्या बदल्यात काय गेलं? भाव करायची ताकद गेली. आजारी पडायची सोय गेली. दोघांतला एक पडला तर कोयता मोडतो. २०१९ ला बीडमधल्या तोडकरी बायांच्या गर्भपिशव्या काढायच्या प्रकरणावर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते काय उगं नाही.

तव्हा प्रश्न विचारायचा तर 'लोक गेले तर सुधारतील का' हा नको. ते जाऊन पिढ्या झाल्या. प्रश्न असा पाहिजे : पोळ्याला तेवढाच पैसा मुकादमाशिवाय दुसऱ्या कोणी दिला तर तो माणूस कोणत्या अटीवर जाईल?

---

आक्का_लातूर

बालाघाट, शेवटच्या ओळीला कडकडीत +१.

---

वाफा_क्रमांक_३

कृषी विद्यापीठात सांख्यिकी शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून दोन गोष्टी.

रंगपूरची पुढची गोष्ट धागाकर्त्यांनी सांगितली नाही, किंवा पुढच्या प्रतिसादासाठी राखून ठेवली असेल. तोच कार्यक्रम एका संस्थेनं मोठ्या प्रमाणावर चालवायला घेतला. २०१७ मध्ये पुन्हा चिठ्ठ्या टाकून मोजलं तेव्हा परिणाम दिसला नाही. २०१९ मध्ये त्यांनी कार्यक्रम बंद केला आणि तसं उघडपणे जाहीर केलं. भाग तोच, कल्पना तीच, पण आकार वाढला, राबवणारी माणसं बदलली. आपल्याकडच्या किती योजनांनी 'मोजलं, चाललं नाही, बंद केली' असं लिहून दिलंय ते आठवून बघा. माझ्या दृष्टीनं या पद्धतीची खरी कमाई ही आहे, शंभर टक्के यशाची गोष्ट नव्हे.

दुसरं, एका वाफ्यातला उतारा दुसऱ्या मातीत तसाच येत नाही, म्हणून तर आपण बहुस्थानी चाचण्या घेतो. एमएयूएस ७१ हा सोयाबीनचा वाण विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर चांगला आला म्हणून कोणी तो शिरूर कासारच्या मुरमाड रानात बिनधास्त शिफारस करत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र एका जिल्ह्यातला आकडा घेऊन धोरण लिहायची घाई होते. अँगस डीटन (२०१५ चे नोबेल) हाच आक्षेप सतत घेत आले आहेत : कुठे चाललं हे कळतं, का चाललं हे कळल्याशिवाय दुसरीकडे चालेल की नाही हे सांगता येत नाही.

---

जुना_लाल

मुळात या सगळ्या प्रकाराचा मला कंटाळा आहे. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडत होते, त्यातून रोजगार हमी उभी राहिली, वि. स. पागे यांच्यासारख्यांनी ती रेटली, १९७७ ला कायदा झाला. कोणत्या गावाला काम द्यायचं आणि कोणत्या गावाला उपाशी ठेवून बघायचं अशा चिठ्ठ्या कोणी टाकल्या नाहीत. जायकवाडी काही अर्ध्या मराठवाड्यासाठी बांधून उरलेल्या अर्ध्याशी तुलना केली नाही. जमीन, पाणी, हमीभाव, ऊसतोडीचा दर, हे मोठे प्रश्न प्रयोगात बसत नाहीत म्हणून मग डाळ दिली तर बाई पोराला लस टोचून घ्यायला येते का असले प्रश्न विचारायचे आणि त्याला नोबेल.

---

आक्का_लातूर

जुना लाल काका, डाळीची टिंगल करू नका, त्यात माझी नोकरी गेलीय (गेली म्हणजे संपली, निवृत्त झाले. आरोग्य खात्यात होते).

उदयपूरमधला तो प्रयोग नीट वाचा. तिथं मुलांचं पूर्ण लसीकरण नगण्य होतं, सेवा मंदिर नावाची संस्था होती. १३४ गावं. काही गावांत काहीच नाही, काही गावांत ठरल्या दिवशी न चुकता भरणारं शिबिर, आणि काही गावांत शिबिर अधिक दर लशीला एक किलो मसूर आणि सगळ्या लशी झाल्या की स्टीलच्या ताटांचा संच. पूर्ण लसीकरण झालेली मुलं : काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिरानं १८ च्या आसपास, डाळीसकट ३८ च्या आसपास. आणि गंमत म्हणजे डाळ देऊन एका मुलामागचा खर्च निम्म्यावर आला, कारण नर्सबाई दिवसभर बसणारच असते, चार पोरं आली काय न् वीस आली काय.

आता मी जे पाहिलंय ते सांगते. आया अडाणी म्हणून येत नाहीत हे आमच्या मीटिंगमधलं ठरलेलं वाक्य. पण त्या दिवशी खुरपणीची मजुरी बुडणार, पोर रात्रभर तापणार, आणि एवढं करून गेलं तर उपकेंद्राला कुलूप असणार. डाळीनं मजुरी भरून येत नाही, पण 'पुढच्या महिन्यात बघू'चं 'आज जाऊन येऊ' होतं. मोठे प्रश्न सुटेपर्यंत पोरानं गोवर काढत बसायचं का?

कुलपावरूनही सांगते. त्याच उदयपूरमध्ये नर्सची हजेरी तपासायचा प्रयोग झाला. हजेरीवर पगार बांधला, पहिले काही महिने हजेरी वाढली. सोळा महिन्यांत सगळा फरक पुसला गेला. कसा? वरच्यांनीच 'आज सूट' अशा नोंदी वाढवत नेल्या. हे वाचून मी एकटीच बसून हसले. आमच्याकडं त्या सुटीला 'मीटिंगला गेल्या' म्हणतात.

---

नागझरी

मळणी झाली. भाव विचारू नका.

चिठ्ठी न आलेल्या गावाचं काय, हा प्रश्न अजून कोणी विचारला नाही. एका घराला शेळ्या दिल्या आणि शेजारच्या भावकीला नाही, तर पुढची दहा वर्षं बांधावरून भांडणं. संशोधक विमानानं निघून जातील.

---

कोरडवाहू

नागझरी, रास्त आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी घराघरांत चिठ्ठ्या न टाकता गावागावांत किंवा शाळाशाळांत टाकतात. केनियात बुसिया जिल्ह्यात क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी ७५ शाळांत जंताच्या गोळ्या दिल्या, त्या २५-२५ च्या तीन तुकड्यांत : १९९८, १९९९ आणि २००१. शेवटी सगळ्यांनाच मिळाल्या. सगळ्यांना एकदम द्यायला ना गोळ्या होत्या ना माणसं, मग कोणाला आधी एवढंच चिठ्ठीनं ठरलं. शाळेतली गैरहजेरी चौथ्या हिश्शानं कमी झाली, आणि गोळ्या न मिळालेल्या जवळच्या शाळांतही जंत कमी झाले. (त्या आकड्यांवरून नंतर मोठा वाद झाला, २०१५ मध्ये तर खडाजंगी. तरी शिस्तीनं झाली, कारण मूळ माहितीच वाद घालणाऱ्यांच्या हातात दिलेली होती.)

पण सगळेच प्रयोग असे सोवळे नाहीत. नैरोबीत घरमालकांनी पाणीपट्टी भरावी म्हणून काही ठिकाणी पाण्याची जोडणी तोडून परिणाम मोजला गेला. २०२० मध्ये त्यावर जगभर टीका झाली, आणि माझ्या मते होणं योग्यच होतं. देण्याच्या क्रमाची चिठ्ठी वेगळी आणि काढून घेण्याची वेगळी.

जुना लाल, रोहयोचं तुमचं म्हणणं मान्य. ती प्रयोगातून आली नाही आणि यायची गरजही नव्हती. पण मजुराच्या हातात पैसा किती दिवसांनी आणि किती पडतो, हा प्रश्न कायदा झाल्यावर उरतोच ना? आंध्र प्रदेश एकत्र असताना तिथं मनरेगा आणि पेन्शनच्या पैशासाठी बोटाच्या ठशाचं स्मार्टकार्ड आणलं गेलं. ते कोणत्या मंडलात (तिथला तालुका) आधी आणि कोणत्या नंतर, हे सरकारच्या संमतीनं चिठ्ठीनं ठरवलं. १५७ मंडलं, सुमारे १ कोटी ९० लाख लोकसंख्या. मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर यांचा हा अभ्यास. पैसा लवकर पोचला, गळती कमी झाली. त्या जिल्ह्यांत आदिलाबाद होतं, म्हणजे किनवटच्या पलीकडची शीव. इतक्या जवळ हे झालं आणि आमच्या चावडीवर त्याची वार्ता नाही.

---

बचतगटवाली

मी बारा गावांच्या गटांचं काम बघते, जिल्हा सांगत नाही.

कर्जावर बोलणार असाल तर हैदराबादचा प्रयोग लक्षात ठेवा. १०४ वस्त्या, निम्म्यांत एका सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपनीनं आधी शाखा उघडली. कर्ज मिळाल्यानं ज्यांचा धंदा आधीच होता त्यांचा थोडा वाढला, टीव्ही-फ्रिज घेतले गेले, पान-तंबाखू-चहावरचा खर्च कमी झाला. पण घरखर्च, मुलांचं शिक्षण, आरोग्य, बाईचा शब्द चालणं, यात काही मोठा फरक सापडला नाही. आमच्या प्रत्येक कार्यक्रमात फ्लेक्सवर 'कर्जातून सक्षमीकरण' असतं, त्याखाली बसून मी हे वाचलंय.

याउलट अगदी तळातल्या घरांना नुसतं कर्ज न देता जनावर, काही महिने खायला आधार, शिकवणी आणि दर आठवड्याला घरी येणारं माणूस असं एकत्र दिलं, ते टिकलं. ब्रॅक या बांगलादेशी संस्थेनं २००२ मध्ये सुरू केलेली रीत. सहा देशांत दहा हजारांवर घरांवर तपासली, निकाल २०१५ मध्ये आले. भारतात बंगालमध्ये झालं, दहा वर्षांनी परत गेले तरी ती घरं पुढे होती. महाग आहे. आणि आठवड्याला घरी येणारं माणूस हे सरकारी चौकटीत आणायचं म्हणजे माझ्यासारख्या मानधनवालीच्याच गळ्यात पडणार, हेही लिहून ठेवते.

बालाघाट दादा, तुमच्या प्रश्नावर माझी शंका. समजा पोळ्याला गटानं एका बाईला चाळीस हजार कमी व्याजानं दिले. ती मुकादमाची उचल घेणार नाही. मग मुकादम तिला टोळीत घेईल? उचल हीच त्याच्या दृष्टीनं हजेरीची खात्री आहे.

---

बालाघाट

ताई, बरोब्बर तिथंच बोट ठेवलंत. नाही घेणार. बिनउचलीचा कोयता म्हणजे कधीबी पळून जाणारा कोयता. म्हणून चार घरांना देऊन बघण्यात अर्थ नाही, मुकादम दुसरी चार घरं बघंल. आख्ख्या गावाला दिलं, आजूबाजूच्या पाच गावांना दिलं, तरच त्याला दर वाढवून बोलावं लागंल. नाहीतर तो जालन्याला जाईल कोयते शोधायला.

---

वाफा_क्रमांक_३

याला आमच्या भाषेत शेजारच्या वाफ्यात खत वाहून जाणं म्हणतात. मधे मोकळा पट्टा सोडावा लागतो. इथे चिठ्ठी घरावर नाही, गावावरही नाही, मुकादमाच्या पट्ट्यावर टाकावी लागेल. एक मुकादम किती गावांतून कोयते भरतो याची यादी आधी करा. ती यादीच मोठं संशोधन ठरेल.

---

कोरडवाहू

मी मनात वेगळा प्रश्न धरून होतो, तोही टाकतो. केनियात डुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन यांनी पाहिलं की शेतकऱ्याला खत फायद्याचं आहे हे पटलेलं असतं, पण पेरणीपर्यंत हातात पैसा उरत नाही. त्यांनी सुगी होताच दारात जाऊन सांगितलं : आत्ता पैसे भरा, खत घरपोच फुकट. खताचा वापर जवळपास तेवढा वाढला जेवढा पेरणीच्या वेळी अर्धी किंमत माफ केल्यानं वाढला. आपल्याकडे मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात उधारीवर बियाणं-डीएपी उचलायचं आणि सोयाबीन निघालं की त्याच दुकानदाराला घालायचं, हे चक्र सगळ्यांना माहीत आहे. दिवाळीत विकल्या विकल्या पुढच्या खताचे पैसे कापून ठेवायची सोय दिली तर?

---

बालाघाट

सोयाबीनवाल्याला जमंल. तोडकऱ्याला नाही. तुमच्या केनियावाल्याच्या हातात सुगीनंतर पैसा असतो. आमच्या हातात पट्टा पडल्यावर हिशेबाची चिठ्ठी असते. पैसा आधीच खाल्लेला.

---

नागझरी

सोयाबीनवाल्यालाही जमणार नाही, जोवर भीती आहे. मी खतात पैसे आधी अडकवले आणि जुलैत पंचवीस दिवस ओढ दिली तर? दुबार पेरणीला पैसा कोण देणार? म्हणून आम्ही हातचा पैसा शेवटपर्यंत धरून ठेवतो. शहरातले याला अज्ञान म्हणतात.

---

कोरडवाहू

नागझरी, तुमच्या म्हणण्याला घानातला एक प्रयोग दुजोरा देतो. उत्तर घानात काहींना रोख दिली, काहींना पावसाचा विमा दिला. विमा मिळालेल्यांनी शेतात जास्त पैसा घातला, नुसती रोख मिळालेल्यांनी फारसा नाही. अडलं होतं ते जोखमीपाशी.

---

नागझरी

मग तो विमा वेळेवर देत असणार. आमच्याकडे २०२३ ला एक रुपयात पीकविमा आला, २०२५ ला ती सवलत गेली. तेव्हाचा नियम, नुकसान झालं की ७२ तासांत कळवा. पाणी शेतात, लाईट नाही, मोबाईल बंद, आणि ७२ तास. विम्यावर भरोसा नसेल तर त्याच्या आधारानं कोण खत टाकेल? हाच प्रश्न घ्या की चिठ्ठीला : काही मंडळांत कृषी सहायकानं स्वतः येऊन नोंद करायची, काही मंडळांत शेतकऱ्यानंच कळवायचं. पुढच्या खरिपात कोणी जास्त लावलं ते मोजा.

---

जुना_लाल

हा प्रश्न बरा आहे. निदान यात दोष शेतकऱ्याच्या डोक्यात शोधलेला नाही.

डोक्यावरून आठवलं. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर बुद्धीची चाचणी घेतली होती, २०१३ मध्ये छापून आलं. माणूस तोच, पण तोडणीआधी, पैशाच्या तंगीत, गुण कमी पडले. चिठ्ठी नव्हती, पण अभ्यास मोलाचा. फक्त ती चाचणी उसाच्या मालकाची होती. तोडणाऱ्याची घ्यायची तर कोणत्या महिन्यात घेणार? त्याला 'पैसा आल्यानंतर' असा महिनाच नाही.

---

बचतगटवाली

उचलीचा प्रश्न मागे पडू देऊ नका. मुकादमांच्या गावांची यादी मी माझ्या बारा गावांपुरती करू शकते, बायकांना सगळं तोंडपाठ असतं. कोणता मुकादम, कोणता कारखाना, उचल किती, फिटली किती. पण ते उचलीचे कागद नवऱ्याच्या नावावर असतात आणि तोडते दोघं. तेव्हा पैसे दिलेच तर कोणाच्या खात्यात टाकायचे, याचीही चिठ्ठी टाका : निम्म्या गावांत बाईच्या, निम्म्यांत दोघांच्या जोडखात्यात. हा दुसरा प्रश्न पहिल्याच्या पोटात बसतो, वेगळा खर्च नाही.

---

वाफा_क्रमांक_३

बसतो. पण गावांची संख्या दुप्पट लागेल, नाहीतर फरक असून दिसणार नाही. यादी आधी येऊ द्या, मग नमुन्याचा आकार काढून देतो.

---

बालाघाट

यादी पोळ्याच्या आधी करा. पोळ्यानंतर कोणी खरं सांगणार नाही, उचल घेतलेली असती. आणि मुकादमालाबी विचारा. तोबी कारखान्याकडून उचल घेऊनच बसलेला असतो.